ऑलवेज, ऑफ्टन, सेल्डम, नेव्हर : डॉ. जॉन्सनची गोष्ट

फर्स्ट इयरला कम्युनिकेशन स्किल्स नावाचा एक विषय असतो. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना तो मॅथ्सपेक्षा जास्त घाम फोडतो. त्यात एक तास असतो ‘ॲडव्हर्ब्ज ऑफ फ्रीक्वेन्सी’चा. फ्रीक्वेन्सी म्हटलं की आपल्याला पन्नास हर्ट्झ आठवतात, पण इथे प्रकरण वेगळं आहे. एखादी गोष्ट किती वेळा घडते हे सांगणारी ही क्रियाविशेषणं. फळ्यावर एक उभी रेघ मारतात. सगळ्यात वर ऑलवेज, म्हणजे शंभर टक्के. सगळ्यात खाली नेव्हर, म्हणजे शून्य. मधल्या पायऱ्यांवर यूज्वली, ऑफ्टन, समटाइम्स, सेल्डम. आपल्या मराठीत नेहमी, बहुधा, वारंवार, कधीकधी, क्वचित आणि कधीच नाही.

मग गाळलेल्या जागा भरा. ‘आय डॅश गेट अप अर्ली.’ सगळा वर्ग बिनधास्त ‘ऑलवेज’ लिहितो. त्यातले निम्मे त्याच दिवशी पहिलं लेक्चर बुडवून आलेले असतात!

ही गाळलेली जागा जन्मभर ज्याला छळत राहिली अशा एका माणसाची ही गोष्ट आहे. गंमत म्हणजे या सगळ्या शब्दांचे अर्थ आपल्या डिक्शनरीत लिहून ठेवणारा माणूसही तोच. डॉ. सॅम्युअल जॉन्सन.

जॉन्सनचा जन्म १८ सप्टेंबर १७०९ चा, इंग्लंडमधल्या लिचफील्ड गावातला. वडील मायकेल जॉन्सन पुस्तकांचे दुकानदार. दुकान नावाला, कर्ज गावाला. पोरगं जन्मापासून आजारी. गळ्यात गंडमाळा झाल्या, एका डोळ्याची नजर जवळजवळ गेली, एक कान अधू झाला, चेहऱ्यावर व्रण राहिले ते कायमचेच. राजाने किंवा राणीने हात लावला की हा रोग बरा होतो अशी तेव्हा समजूत होती, म्हणून अडीच वर्षांच्या पोराला लंडनला नेऊन ॲन राणीकडून स्पर्श करवून आणला. उपयोग अर्थातच शून्य. म्हणजे ‘नेव्हर’.

पण डोकं विलक्षण. वडिलांच्या दुकानातली पुस्तकं हाच त्याचा खुराक. १७२८ साली तो ऑक्सफर्डच्या पेंब्रोक कॉलेजात दाखल झाला. तिथे त्याच्या फाटक्या बुटांतून बोटं बाहेर यायची. कुणीतरी दया येऊन दाराशी नवे बूट ठेवले, तर या पठ्ठ्याने ते उचलून फेकून दिले. स्वाभिमान शाबूत राहिला, पण फी कुठून आणणार? तेरा महिन्यांत कॉलेज सुटलं, डिग्री न घेताच. ड्रॉप घेतलेल्या मित्रांनी हे लक्षात ठेवावं. इंग्रजी भाषेची सर्वांत गाजलेली डिक्शनरी लिहिणारा माणूस कॉलेज अर्धवट सोडलेला होता.

घरी परतला तो मनाने पार खचून. दोनेक वर्षं काळोखात गेली. आपल्याला वेड लागेल ही भीती त्याला तेव्हा चिकटली ती शेवटपर्यंत. अंगाला विचित्र झटके यायचे, तोंडातून आवाज निघायचे. रस्त्याने जाताना खांबांना हात लावत जायची सवय होती, दारातून आत शिरताना पावलं ठरावीक पद्धतीने पडली पाहिजेत असा हट्ट असायचा. आजचे बरेच डॉक्टर याला टुरेट सिंड्रोम म्हणतील. त्या काळी लोक नुसते हसायचे. शाळेत मास्तरकी मिळवायला गेला तर हा अवतार पाहून नकार यायचा.

१७३५ साली त्याने एलिझाबेथ पोर्टर या विधवेशी लग्न केलं. ती त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. लाडाने तो तिला टेटी म्हणायचा. तिच्या पैशातून एडियल इथे शाळा काढली, ती बुडाली. मूठभर विद्यार्थ्यांतला एक होता डेव्हिड गॅरिक, पुढे इंग्लंडचा सर्वांत मोठा नट झाला तो. १७३७ साली हे गुरुशिष्य नशीब काढायला लंडनला निघाले. पुढची कितीतरी वर्षं जॉन्सन मासिकांसाठी पानामागून पान लिहीत राहिला. आजच्या भाषेत फ्रीलान्सर, त्या काळच्या भाषेत उपाशी!

मग आलं ते मोठं काम. जून १७४६ मध्ये लंडनच्या काही प्रकाशकांनी मिळून त्याच्याशी करार केला. इंग्रजी भाषेची एक डिक्शनरी, मोबदला १५७५ पौंड, मदतनिसांचा पगार त्यातूनच. पॅरिसच्या फ्रेंच अकादमीत चाळीस सभासद होते, १६३५ साली स्थापन झालेल्या अकादमीचा कोश १६९४ साली बाहेर आला. जॉन्सनने सांगितलं, मी एकटा तीन वर्षांत करतो.

प्रोजेक्टच्या सिनॉप्सिसमध्ये आपण जे करतो तेच त्याने केलं होतं. लागली जवळजवळ नऊ वर्षं.

लंडनच्या गफ स्क्वेअरमध्ये १७ नंबरच्या घराच्या माळ्यावर त्याने कारखाना थाटला. सहा मदतनीस, त्यातले पाच स्कॉटलंडचे. (ओट्स हे धान्य इंग्लंडात घोडे खातात आणि स्कॉटलंडात माणसं खातात, अशा अर्थाची नोंद त्याने याच डिक्शनरीत केली. त्या पाचांना उतरवून घेताना काय वाटलं असेल देव जाणे.) पद्धत सोपी. जॉन्सन पुस्तकं वाचायचा, हव्या त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढायचा, समासात त्याचं पहिलं अक्षर लिहायचा. मदतनीस ते वाक्य कागदाच्या पट्टीवर उतरवायचे. शब्दाचा अर्थ आधी ठरवायचा नाही, चांगल्या लेखकांनी तो कसा वापरला ते आधी बघायचं आणि मग अर्थ लिहायचा. आधी डेटा, मग रिझल्ट!

पण मधेच लक्षात आलं की मजकूर कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिलाय आणि छापखान्याला तो तसा चालत नाही. बराच भाग पुन्हा उतरवून घ्यावा लागला. रात्रभर जागून काढलेली ड्रॉइंग शीट सरांनी परत दिल्यावर काय होतं, ते ज्याचं त्याला माहीत.

याच कामात आपले ॲडव्हर्ब्जही त्याच्यासमोर आले. अवघड, जडजंबाळ शब्दांचे अर्थ लिहिणं सोपं असतं, पंचाईत होते ती अशा साध्या शब्दांशी. ‘सेल्डम’चा अर्थ सांगायला त्याला ‘ऑफ्टन’ची मदत घ्यावी लागली आणि ‘ऑफ्टन’चा सांगायला त्याच्याच भाऊबंदांची. शब्दांचे अर्थ असे एकमेकांभोवती फिरत राहतात. सोप्या शब्दाचा अर्थ सांगायचा तर त्याहून सोपा शब्द हवा आणि तो नेहमीच सापडतो असं नाही, ही अडचण त्याने प्रस्तावनेत मोकळेपणाने कबूल केली. आपल्या फळ्यावरच्या टक्क्यांचंही तेच आहे. ऑफ्टन म्हणजे सत्तर की साठ, हे पुस्तकागणिक बदलतं. किती वेळा म्हणजे ‘वारंवार’, हे बोलणाऱ्यावर अवलंबून असतं. आईच्या लेखी मी वारंवार उशिरा येतो, माझ्या लेखी कधीकधी!

आता जॉन्सनच्या आयुष्यातला ‘ऑलवेज’ बघू. तो एका वहीत प्रार्थना आणि संकल्प लिहून ठेवायचा. नववर्ष, ईस्टर, स्वतःचा वाढदिवस, बायकोची पुण्यतिथी, असा दिवस आला की संकल्प. लवकर उठेन. आळस सोडेन. रोज वाचेन. पुढच्या खेपेला वही उघडली की आधीचं काहीच झालेलं नसायचं, मग पुन्हा तेच संकल्प. १७६४ च्या वाढदिवसाला त्याने नोंदवलं की आपली पंचावन्न वर्षं संकल्प करण्यातच गेली, हातून काही झालं नाही. आणि खाली लगेच नवा संकल्प, जमलं तर सहाच्या आत उठायचं. सात महिन्यांनी, १७६५ च्या ईस्टरला, संकल्प आठ वाजण्यावर आला. कारणही प्रामाणिकपणे लिहिलंय. आठ म्हणजे लवकर नव्हे हे त्याला कळत होतं, पण दुपारी दोनपर्यंत तो ‘ऑफ्टन’ अंथरुणातच असायचा!

हॉस्टेलमधल्या कोणाकोणाचे चेहरे डोळ्यांसमोर आले असतील. माझ्यासमोर माझाच आला.

मग प्रश्न असा पडतो की इतका आळशी माणूस इतकं काम कसं करून गेला? याचं उत्तर मला व्याकरणाच्या पुस्तकातच सापडल्यासारखं वाटतं. वारंवारता दाखवणाऱ्या शब्दांचे दोन गट असतात. ऑलवेज, ऑफ्टन, सेल्डम हे अनिश्चित. आणि ट्वाइस अ वीक, एव्हरी ट्यूजडे हे निश्चित. वाक्यातल्या त्यांच्या जागाही वेगळ्या. अनिश्चित शब्द बहुधा क्रियापदाच्या अलीकडे घुसतो, निश्चित शब्दसमूह सहसा वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. जॉन्सनला पहिल्या गटाने आयुष्यभर फसवलं आणि दुसऱ्या गटाने तारलं.

उदाहरण बघा. डिक्शनरीचं काम ऐन भरात असताना, मार्च १७५० मध्ये, त्याने ‘द रॅम्बलर’ नावाचं पत्र सुरू केलं. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी. दर अंकाला दोन गिनी. दोन वर्षांत २०८ अंक निघाले आणि चार-पाच अंक सोडले तर सगळे त्याने एकट्याने लिहिले. बऱ्याचदा छापखान्याचा पोरगा दारात उभा असायचा आणि हा आत खरडत असायचा. १७५१ च्या जूनमधला एक अंक तर चालढकल या विषयावर आहे, आणि तोही त्याने असाच, पोरगा थांबलेला असताना घाईघाईत लिहून दिला असं सांगतात. सबमिशनच्या आदल्या रात्री टाइम मॅनेजमेंटवर असाइनमेंट लिहिण्यातला प्रकार. पण अंक निघाला. आळशीच माणूस, पण मंगळवार आला की लिहिणार. जिथे वार ठरलेला नव्हता, तिथे त्याचंही आपल्यासारखंच व्हायचं. शेक्सपिअरच्या नाटकांची आवृत्ती १७५७ च्या अखेरीस देतो असं सांगून त्याने लोकांकडून आगाऊ वर्गणी घेतली. पैसे खर्च झाले, पुस्तक निघेना. १७६२ साली चार्ल्स चर्चिल नावाच्या कवीने यावरून त्याची जाहीर खिल्ली उडवली. पुस्तक आलं १७६५ साली. आठ वर्षं लेट.

१७५२ च्या मार्चमध्ये रॅम्बलर संपला आणि त्याच महिन्यात टेटी गेली. डिक्शनरी अजून अर्धवटच होती. पुढची तीन वर्षं त्याने कशी काढली असतील! लॉर्ड चेस्टरफील्ड या बड्या उमरावाच्या नावे त्याने १७४७ साली कामाचा आराखडा छापला होता. साहेबांनी नंतर ढुंकून पाहिलं नाही. काम संपत आल्यावर मात्र त्यांनी कौतुकाचे लेख लिहिले. फेब्रुवारी १७५५ मध्ये जॉन्सनने त्यांना पत्र लिहून कळवलं की माणूस बुडत असताना नुसतं बघायचं आणि तो काठाला लागल्यावर मदतीचा हात पुढे करायचा, ही मदत मला नको. श्रीमंतांच्या मेहेरबानीवर जगणाऱ्या लेखकांच्या काळात हे धाडस मोठंच होतं.

१५ एप्रिल १७५५ रोजी डिक्शनरी बाहेर पडली. दोन भलेमोठे खंड, ४२,७७३ शब्द, सुमारे १,१४,००० उदाहरणं. ज्या ऑक्सफर्डमधून तो डिग्रीशिवाय परतला होता, त्याच ऑक्सफर्डने त्याला एम. ए. दिली, आणि ती पहिल्या पानावर त्याच्या नावापुढे छापली गेली. १९२८ साली ऑक्सफर्ड डिक्शनरी पूर्ण होईपर्यंत इंग्लंडमध्ये या कामाचा दबदबा होता. पैसा मात्र काम संपायच्या आधीच संपलेला. पुढच्याच वर्षी पाच पौंड अठरा शिलिंगांच्या कर्जापायी त्याला अटक झाली, कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसनने पैसे पाठवून सोडवलं.

आता फळ्यावरची शेवटची पायरी. नेव्हर.

मराठीत ‘कधीच’ लिहिलं की पुढे ‘नाही’ लागतंच. इंग्रजीत एकटा नेव्हर पुरतो, म्हणून तर आपण नेव्हरसोबत नॉट लावून मार्क घालवतो. जॉन्सनच्या आयुष्यातला नेव्हर असाच एकटा पुरून उरणारा होता. त्याची आई सारा लिचफील्डलाच होती. लंडनपासून सुमारे १२० मैल. १७४० च्या सुमारास तो तिला भेटून आला, त्यानंतर १९ वर्षांत तो एकदाही घरी गेला नाही. पत्रं जायची, जमेल तसे पैसे जायचे. जाऊ, काम संपलं की जाऊ... जानेवारी १७५९ मध्ये ती अंथरुणाला खिळल्याचं कळलं. शेवटच्या दिवसांत त्याने तिला पत्रामागून पत्र लिहिलं, झाल्यागेल्याची क्षमा मागितली. पण त्याच महिन्यात ती गेली. भेट झालीच नाही. तिच्या अंत्यविधीच्या आणि देण्याच्या पैशांसाठी त्याने एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून ‘रासेलस’ नावाचं पुस्तक लिहून काढलं. आठवड्याची मुदत मिळाली की हा माणूस पुस्तक लिहू शकत होता. आईला भेटायला जायची मुदत मात्र कुणीच घालून दिली नव्हती.

१७६२ मध्ये सरकारने त्याला वर्षाला ३०० पौंड पेन्शन दिली. (पेन्शन म्हणजे देशद्रोहासाठी मिळणारा पगार अशा अर्थाचं काहीबाही त्याने डिक्शनरीत लिहून ठेवलं होतं, ते त्याला लोकांनी अर्थातच ऐकवलं.) १७६३ साली एका पुस्तकाच्या दुकानात बॉसवेल नावाचा २२ वर्षांचा स्कॉटिश तरुण त्याला भेटला. याच बॉसवेलने पुढे १७९१ साली त्याचं चरित्र लिहिलं, आणि आज जॉन्सन आपल्याला इतका ओळखीचा वाटतो तो बराचसा त्यामुळे. १७६५ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने डॉक्टरेट दिली. घर मात्र धर्मशाळाच राहिलं. आंधळी कवयित्री ॲना विल्यम्स, गरिबांवर औषधोपचार करणारा लेव्हेट, जमैकात गुलामीत जन्मलेला फ्रान्सिस बार्बर, सगळे त्याच्या आश्रयाला. हॉज नावाच्या मांजरासाठी कालवं आणायला तो स्वतः बाजारात जायचा. नोकराला पाठवलं तर त्याचा राग बिचाऱ्या मांजरावर निघेल, म्हणून! रस्त्यावर झोपलेल्या पोरांच्या मुठीत हा गुपचूप नाणी ठेवून जायचा. दारूचंही असंच. मोजून पिणं त्याला जमत नसे, अजिबात न पिणं जमे. सेल्डमपेक्षा नेव्हर सोपा, हे त्याने स्वतःला ओळखून ठरवलं होतं.

म्हातारपणीची एक गोष्ट सांगून संपवतो. लहानपणी वडील युटॉक्झेटर गावच्या बाजारात पुस्तकांचा स्टॉल लावायचे. एकदा ते आजारी होते आणि त्यांनी पोराला जायला सांगितलं. पोरगं तेव्हा घमेंडीत, त्याने साफ नकार दिला. वडील १७३१ साली वारले. जवळजवळ पन्नास वर्षांनी, इंग्लंडभर नाव झालेला डॉ. जॉन्सन एका बाजाराच्या दिवशी युटॉक्झेटरला गेला आणि वडिलांचा स्टॉल जिथे असायचा, तिथे भर पावसात उघड्या डोक्याने बराच वेळ उभा राहिला. आजूबाजूचे लोक बघत होते. एकदा दिलेला नकार आणि त्याची एकदाच केलेली भरपाई. ‘वन्स’ हासुद्धा त्याच गटातला शब्द, पण फळ्यावरच्या रेघेवर त्याला कुणी जागा देत नाही.

१३ डिसेंबर १७८४ रोजी तो गेला. शेवटी डोकं शुद्धीवर राहावं म्हणून त्याने अफूचं औषधही नाकारलं होतं. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरलं. मृत्युपत्रात बरीचशी मालमत्ता फ्रान्सिस बार्बरच्या नावे होती.

त्याच्या मागे ती संकल्पांची वही छापली गेली. त्यात १७७५ च्या गुड फ्रायडेची एक नोंद आहे. वर्षानुवर्षं केलेले आणि मोडलेले संकल्प आठवून तो स्वतःलाच विचारतो, की मग आता पुन्हा कशाला करायचा? आणि उत्तरही देतो, की सुधारणं गरजेचं आहे आणि हताश होणं हा गुन्हा आहे, म्हणून पुन्हा करायचा. तेव्हा तो पासष्ट वर्षांचा होता. त्यानंतर त्याने ‘लाइव्ह्ज ऑफ द पोएट्स’ हे आपलं शेवटचं मोठं पुस्तक लिहिलं, तेही सवयीप्रमाणे रखडत, घाई करत. पण ते पुरं झालं १७८१ मध्ये.

पीएल तोंडावर आली आहे. मीही परवा वहीच्या मागच्या पानावर ‘उद्यापासून रोज पहाटे पाचला’ असं लिहिलं होतं. जॉन्सन वाचल्यावर ते खोडलं आणि लिहिलं, मंगळवारी आणि शनिवारी, रात्री नऊ ते अकरा, रूम पार्टनरसोबत, त्याच्या टेबलावर. दारात छापखान्याचा पोरगा उभा असल्याशिवाय आपल्याच्यानेही काही होत नाही, हे आता कळलंय. आणि हो, घरी जायची तारीख लिहून तिकीटही काढून ठेवलंय. ते काम संपल्यावर काढायचं नसतं.